पायथॉन: वेटेड व्होटिंगमधे चौघंही 'हो' म्हणाले तरी एकमत नाही दाखवतंय

देवगडचो_बागायतदार:
मंडळी, आम्ही चौघं बागायतदार मिळून एक पॅकिंगची शेड आणि फवारणीचा पंप वापरतो, रजिस्टर वगैरे काही नाही, आपापसातलंच. माल वाशीला पाठवायचा की इथेच द्यायचा यावर दरवर्षी भांडण, म्हणून ठरलं की मत ज्याच्या त्याच्या आंब्याच्या कलमांच्या हिशोबाने. तिघांची ३०-३०, एकाची १०, म्हणजे वेट (मताचं वजन) ०.३, ०.३, ०.३ आणि ०.१. फॉर लूपमधे 'हो' वाल्यांची वेट मिळवत जातो, निम्म्याच्या वर गेलं की मंजूर. खर्चाच्या विषयाला मात्र एकमत लागतं, म्हणजे बेरीज बरोब्बर १ यायला हवी. तर कधी बरोबर येतं कधी नाही, मतं तीच असून! कुठे शेण खाल्लंय कोडने?

रत्नांग्री_कोडर:
फ्लोट आहे रे तो, म्हणजे दशांश आकडा, कम्प्युटर तो अंदाजे साठवतो. ०.३ तीनदा मिळवून मग ०.१ मिळव, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येईल, ०.१ आधी घेतलास तर सरळ १ येईल. म्हणजे छोट्या बागवाल्याने पहिलं मत दिलं की एकमत, शेवटी दिलं की नाही. पायथॉन ३.१२ पासून बेरजेचं सम (sum) फंक्शन फ्लोटची बेरीज जास्त काळजीने करतं पण त्याच्या भरवशावर राहू नको. टक्केवारी हवीच कशाला, सरळ कलमांचे आकडे ठेव, ३०, ३०, ३०, १०, आणि 'होची बेरीज गुणिले २ एकूणपेक्षा जास्त का' एवढंच तपास. आणि पर्याय दोनापेक्षा जास्त असतील तर मॅक्स (सगळ्यात मोठा निवडणारं फंक्शन) जपून वापर, बरोबरी झाली तर तो गपचूप डिक्शनरीत आधी आलेला पर्याय देतो.

मालवणी_मासो:
कोड होयत नीट, पण त्या १० कलमांवाल्याचा काय? एकमताचा खर्च सोडला तर त्याचं मत कशालाच लागत नाही, बघा करून. मंजुरीला ५० च्या वर हवेत, दोन मोठे एकत्र आले की ६० झाले, एकच मोठा असेल तर हा मिळूनही ४०. म्हणजे नावाला मत. १९५८ मधे युरोपीय आर्थिक समुदायात असंच होतं, मोठ्या तिघांना ४-४, बेल्जियम नि नेदरलँड्सला २-२, लक्झेंबर्गला १, आणि १७ पैकी १२ लागत. बाकी सगळे सम आकडे, मग बेरीज ११ वर अडून लक्झेंबर्गचं १ लागणार कसं? लक्झेंबर्ग कायम बिनकामाचं. मताची अशी खरी ताकद मोजतात त्याला बान्झाफ इंडेक्स म्हणतात, चौघांच्या हो-नाहीच्या १६ जुळण्या पायथॉनच्या इटरटूल्सने फिरव आणि कोण निघाला की मंजूर ठराव पडतो ते मोज.

देवगडचो_बागायतदार:
इंटिजर (पूर्णांक) करून चाललं, आभार. आणि १६ जुळण्या पण फिरवल्या, खरंच छोट्याचा शून्य! मग मर्यादा किमान ७० केली तर चौघांचे ३-३ आले, म्हणजे १० वाला ३० वाल्यांच्या बरोबरीला. हे त्या तिघांना सांगितलं तर शेडचं कुलूपच बदलतील.

रत्नांग्री_कोडर:
७० म्हणजे चारपैकी कुठलेही तीन, दुसरं काय. उद्या सहकारी संस्था म्हणून रजिस्टर केलंत तर हा सगळा हिशोब तसाही गुंडाळावा लागेल, महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात एक सभासद एक मत आहे, बागेत कलमं कितीही असोत.