फॅदम म्हणजे वाव का? नववीच्या मुलाला काय सांगू?

देवबागच्या बाई
मी मालवणजवळ नववीला इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात चाचणीत 'फॅदम' हा शब्द दिला होता. मी शिकवलेला अर्थ होता 'आकलन होणे'. शेवटच्या बाकावरच्या मुलाने एवढंच लिहिलं: 'वाव'. मला 'सुधारणेला वाव आहे' मधला वाव वाटला आणि मी फुली मारली. तास संपल्यावर तो माझ्या टेबलाशी आला, दोन्ही हात आडवे ताणून म्हणाला, "बाई, ह्यो एक वाव. माझो आजो दोरी अशीच मोजता."

घरी येऊन शब्दकोश उघडला. फॅदम: पाण्याची खोली मोजण्याचं माप, 6 फूट. मुलगा बरोबर होता, याची रुखरुख लागून राहिली आहे. पण हात पसरण्याचा आणि आकलनाचा संबंध काय? आणि क्रियापदाला मराठीत 'समजणे' पुरतं का?

तांडेलाचा नातू
बाई, त्याचे गुण द्या. आमच्याकडे अजून "पाणी किती वाव आसा?" असंच विचारतात. खोली आणि मासे दाखवणारं फिशफाइंडर यंत्र आलं तरी जाळ्याची दोरी छातीसमोर हात ताणूनच मोजली जाते. माझे आजोबा नाळीवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभे राहून दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडायचे. दोरीला दर वावावर गाठ. शिशाच्या बुडाला खळगा, त्यात साबण दाबलेला. वर ओढलं की साबणाला काय चिकटलंय ते बोटाने चोळून बघायचे, चिखल की रेती. साबण कोरा आला आणि शिशाला ओरखडा दिसला की खाली खडप, तिथे जाळं टाकायचं नाही.

गलबत
मी जहाजावर होतो. इंग्रजी जहाजांवरही हीच रीत, फक्त साबणाऐवजी चरबी. त्यांच्या दोरीला 2 फॅदमवर चामड्याच्या दोन पट्ट्या, 3 वर तीन, 5 वर पांढरं कापड, 7 वर लाल आणि 10 वर भोक पाडलेलं चामडं. कापडंसुद्धा वेगवेगळ्या पोताची, म्हणजे अंधारात हाताला कळावीत. अमेरिकेत मिसिसिपीवर 2 फॅदम पाणी लागलं की 'मार्क ट्वेन' अशी आरोळी द्यायचे, तेच त्या लेखकाने टोपणनाव घेतलं.

एक मात्र मुलांना नक्की सांगा. जुन्या नकाशांवर खोली फॅदममध्ये असते, हल्लीच्या बहुतेक नकाशांवर मीटरमध्ये. 1 फॅदम म्हणजे 1.8288 मीटर. नकाशावरचे 5 मीटर कुणी 5 फॅदम समजला, तर 9 मीटर पाणी आहे या भरवशावर तो बोट खडकावर घालेल.

रत्नांग्रीकर
मी भाषांतरं करते, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. जुन्या इंग्रजीत हा शब्द पसरलेल्या हातांचा, मिठीचा होता, क्रियापद झालं तेव्हा अर्थ 'कवेत घेणे'. तिथून हातांचं माप, मापावरून पाण्याचा तळ शोधणं, आणि तळावरून मनाचा किंवा गोष्टीचा. आपला वाव संस्कृत 'व्याम'चा, तोही पसरलेल्या हातांचाच.

'समजणे' मला अपुरं वाटतं, कारण त्यात दोरी सोडण्याचे कष्ट नाहीत. 'थांग लागणे' किंवा 'ठाव लागणे' घ्या. इंग्रजीत हे क्रियापद बहुतेक वेळा नकारात येतं आणि आपलंही तसंच: "त्याच्या मनाचा थांग लागत नाही." ज्याला थांगच नाही ते अथांग. 'अनफॅदमेबल'ला याहून चांगला शब्द मला तरी सापडलेला नाही. उच्चारही सांगा, मधला आवाज 'द'कडे झुकतो, 'थ'कडे नाही.

देवबागच्या बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. फुली खोडून पूर्ण गुण दिले आणि फळ्यावर वाव, थांग, अथांग असे ओळीने लिहिले. सोमवारी तो आजोबांचं शिसं घेऊन येतोय. शाळेच्या विहिरीत सोडून बघणार आहोत. दोरीवर वाव तोच मोजणार, आणि साबणाची वडी मी नेतेय.