घरच्या जॅक-प्रेसवर सफरचंदाचा सायडर: जॅक किती टनी, लाकूड कोणतं?

मिशिगनवाला

परसात सफरचंदाची दोन जुनी झाडं आहेत, एक मॅकिंटॉश आणि एक नॉर्दर्न स्पाय. दोन्ही मिळून ८०-८५ किलो फळ उतरेल असं दिसतंय. तयार प्रेस फार महाग आहे, म्हणून हायड्रॉलिक बॉटल जॅक (गाडी उचलायला वापरतात तो) आणि लाकडी चौकट वापरून घरीच करायचा विचार आहे. जॅक किती टनी घ्यावा? लाकूड कोणतं? आणि फळं घरच्या मिक्सरमधून काढली तर चालतील का? निम्मा रस मुलांना पिण्यासाठी हवाय, उरलेला आंबवायचा आहे. अमेरिकेत सायडर म्हणजे न गाळलेला ताजा रस आणि इंग्लंडात सायडर म्हणजे आंबवलेला, त्यामुळे कृती वाचताना सगळी सरमिसळ होतेय.

रंधा

जॅकचं सगळे विचारतात, फळ कुटायचं शेवटी आठवतं. रस किती निघणार हे दाबापेक्षा कुटण्यावर ठरतं. चार फोडी केलेल्या सफरचंदावर २० टन दाब दिलात तरी थेंब-थेंबच येईल. फळ जाड किसलेल्या गाजराएवढं बारीक झालं पाहिजे, पण त्याचा लगदा होता कामा नये. मिक्सरमध्ये नेमका लगदाच होतो, बिया भरडल्या जाऊन कडवटपणा येतो आणि ८० किलोंत मोटर जळते.

पर्याय दोन. कोरा करकरीत सिंक डिस्पोजर, म्हणजे सिंकखाली बसवतात ते खरकटं दळायचं यंत्र (वापरलेलं चुकूनही नको), टेबलाला भोक पाडून खाली बसवायचा आणि फोडी थोड्या-थोड्या टाकायच्या. तो तापून आपोआप बंद पडतो, तेव्हा दर ५-७ किलोंनंतर विश्रांती द्या. नाहीतर १० सेंटिमीटर जाडीचा मेपलचा रूळ घ्या, त्यात स्टेनलेसचे स्क्रू ३ मिलिमीटर बाहेर ठेवून बसवा, तो पेटीत फिरता बसवा आणि रूळ व पेटीची भिंत यांत ५-६ मिलिमीटर फट ठेवा. थोडंच फळ असेल तर यंत्रही नको: फोडी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून पूर्ण वितळू द्या. बर्फाच्या कणांनी पेशी फुटतात, पुढचं काम प्रेस करतो.

आता प्रेस. गोल पिंपाऐवजी थरांचा करा, म्हणजे फडक्यात बांधलेल्या फळाचे थर आणि मध्ये लाकडी जाळ्या, सुतारकाम सोपं आणि रस जास्त. ३० × ३० सेंटिमीटरच्या सहा जाळ्या: मेपल, ओक किंवा ॲशच्या पट्ट्या, मध्ये ६ मिलिमीटर फट, स्क्रू स्टेनलेसचे. पाइनला राळेचा वास येतो, प्लायवूड आणि औषध मारलेलं लाकूड रसाजवळ आणूच नका. साधं लोखंड लागलं की रस काळपट होतो, गॅल्वनाइझ्ड पत्र्याचं जस्त आम्लात विरघळतं.

४ टनी जॅक पुरे. ३० × ३० वर तो दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४.४ किलो दाब देतो. त्याहून मोठा घेतला तर आधी चौकट मोडेल. ४५ सेंटिमीटर अंतरावर एकच ४×४ इंची तुळई आडवी टाकून ६ टन लावले तर ताण लाकूड तुटण्याच्या हद्दीत जातो. वर आणि खाली प्रत्येकी तीन २×८ इंची फळ्या उभ्या धारेवर एकत्र आवळा, टोकांना अर्धा इंच जाड पोलादी पट्ट्या आडव्या ठेवा आणि चार कोपऱ्यांत ५/८ इंची आट्यांच्या सळया घाला. या भागांना रस लागत नाही, त्यामुळे साधं लाकूड आणि लोखंड चालतं.

जॅक उभाच ठेवायचा, म्हणजे बूड थरांवरच्या जाड फळीवर आणि दांडा वरच्या तुळईला. उलटा केला तर बहुतेक बॉटल जॅक दाबच धरत नाहीत. बुडाखाली काठ असलेलं ताट ठेवा, तेल गळलं तर रसात जाणार नाही. दांड्याची चाल १०-१२ सेंटिमीटरच असते, तेव्हा मध्ये सारायला लाकडी ठोकळे कापून ठेवा. हे ठोकळे सगळेच विसरतात.

चोथापाणी

थर लावताना २६ × २६ × ५ सेंटिमीटरचा लाकडी साचा जाळीवर ठेवा. त्यावर साधारण ६५ सेंटिमीटर चौरस नायलॉनचं जाळीदार फडकं तिरकं अंथरा, कुटलेलं फळ कोपऱ्यांपर्यंत भरा आणि पाकिटासारखी घडी घाला. मग साचा काढून वर पुढची जाळी. मलमल दुसऱ्या-तिसऱ्या घाण्याला फाटते. एका थरात सव्वातीन किलो बसतं. पाच थर म्हणजे १६-१७ किलो आणि रस १० लिटरच्या आसपास. तुमचं सगळं फळ पाच घाण्यांत संपेल, रस ५० लिटरच्या घरात.

आधी पाच मिनिटं नुसतं निथळू द्या. मग दोन-तीन हापसे, धार बारीक झाली की पुन्हा दोन-तीन. एका घाण्याला २० ते २५ मिनिटं लागतात. घाई केली की बाहेरचा चोथा घट्ट बसतो आणि आतला रस अडकतो. थप्पी कलली तर हापसून सरळ होईल या आशेवर राहू नका. झडप सोडा, दाब उतरवा, पुन्हा रचा. दाबाखाली असताना समोर तोंड घालून बघायचं नाही.

दोन झाडं एकदम दाबायचा बेत असेल तर एक अडचण आहे. मॅकिंटॉश सप्टेंबरात तयार होतो, स्पाय ऑक्टोबरात. स्पाय टिकाऊ, मॅकिंटॉश ठेवला की पिठूळ होतो. एकत्र करायचे तर मॅकिंटॉश फ्रिजमध्ये ठेवा, गॅरेजमध्ये नको.

मुरंबा

मुलांच्या रसाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. जमिनीवर पडलेलं फळ त्यात घालू नका, विशेषतः परसात हरणं फिरत असतील तर. ई. कोलाय या जिवाणूचा ओ१५७ हा प्रकार सफरचंदाच्या आंबटपणालाही दाद देत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून तो पसरला आणि एक लहान मूल दगावलं. रस स्टीलच्या पातेल्यात ७१ अंश सेल्सियसच्या वर नेऊन मिनिटभर ठेवा, ७५ झाला की उतरवा, थेट गरम बाटल्यांत भरा, थंड करून फ्रिजमध्ये. उकळू नका, सफरचंदाच्या शिऱ्याची चव येते.

बुरशी लागलेलं फळ पूर्ण बाद. बुरशीचं पॅट्युलिन हे विष तापवून फारसं जात नाही.

फेसाळ

आंबवायच्या भांड्यात तापवलेला रस घेऊ नका, पेक्टिनमुळे (फळातला चिकट, जेलीसारखा घटक) तो गढूळ राहतो. १९ लिटरच्या बुधल्यासाठी आधी हायड्रोमीटर (रसाची घनता, म्हणजे त्यातली साखर मोजायची तरंगती नळी) लावा. १.०५० आलं तर पूर्ण आंबल्यावर साधारण साडेसहा टक्के अल्कोहोल. मग पीएच, म्हणजे आंबटपणा (आकडा कमी तितका रस आंबट). ३.३ ते ३.५ असेल तर रानटी यीस्ट आणि जिवाणू मारायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (एक सल्फाइट) ३.३ ग्रॅम, त्यावर गेला तर जास्त, ३.८ च्या पुढे आधी मॅलिक ॲसिड (सफरचंदातलंच आम्ल) घालून खाली आणा. घरात कुणाला दमा असेल तर सल्फाइटचा आधी विचार करा. २४ तास थांबून ५ ग्रॅम वाइन यीस्ट, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच) आणि १५ ते १८ अंशांची जागा. कुजक्या अंड्याचा वास आला तर यीस्टला नायट्रोजन कमी पडतोय, यीस्ट न्यूट्रिएंट घाला.

फसफस थांबली की गाळावरून नळीने दुसऱ्या बुधल्यात, काठोकाठ. वर हवा राहिली तर शिर्का होतो. फेसाचा हवा असेल तर हायड्रोमीटरचं रीडिंग दोन आठवडे १.००० किंवा त्याखाली स्थिर राहिल्यावरच बाटलीत भरा, लिटरला ६ ग्रॅम साखर, बाटल्या बिअरच्या किंवा शॅम्पेनच्या. साध्या वाइनच्या बाटल्या फुटतात.

घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत घरच्यासाठी केलेलं अमेरिकी कायद्यात चालतं. विकायचं नाही आणि ऊर्ध्वपातन तर अजिबात नाही.

मिशिगनवाला

चौकट झाली, ४ टनी जॅक लावला. स्पाय झकास निघाला. मॅकिंटॉश मात्र दोन आठवडे गॅरेजमध्ये होता. हापसलं की पुरणासारखा लगदा फडक्याच्या घडीतून बाहेर येतो आणि रस येतच नाही.

चोथापाणी

पिठूळ झालाय. आता जास्त हापसून उपयोग नाही, फडकं फाटेल. कुटलेल्या फळात पेक्टिनेज (पेक्टिन तोडणारं एन्झाइम) पाकिटावरच्या मात्रेत मिसळा आणि झाकून दोन तास ठेवा, गॅरेज थंड असेल तर घरात आणून. मग भाताची तुसं वजनाच्या १ ते २ टक्के, धुऊन मिसळा. होमब्रूच्या दुकानात राइस हल्स या नावाने मिळतात. रसाला वाट मिळते. थर ५ ऐवजी ३ सेंटिमीटरचा आणि पहिली दहा मिनिटं जॅकला हातच नको.

रंधा

स्पाय शिल्लक असेल तर निम्मा-निम्मा मिसळून कुटा, तुसांचीही गरज पडणार नाही. आणि फडकी आजच धुवा, वाळलेलं पेक्टिन उद्या निघत नाही.