एकट्या माणसानं पाळायचं काय? मी म्हणतो बिनडंखाच्या मधमाश्या. पटत नसेल तर बोला

सेकंड_शिफ्ट
वय 36, लग्न नाही, बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर कामाला. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड. भाग्यनगरात वरच्या मजल्यावर भाड्याची खोली. शनिवारी संध्याकाळी चंदगडची एसटी, सोमवारी पहाटे परत. हे सांगायचं कारण, गेल्या महिन्यात इथं एकानं विचारलं होतं, 'एकटा राहतो, वेळ नाही, कमी त्रासाचा प्राणी सुचवा'. लोकांनी कासवापासून सशापर्यंत सगळं सुचवलं. मला त्यातलं एकही पटलं नाही.

कमी त्रासाचा म्हणजे कुणाला कमी? कुत्रं दहा-बारा तास कोंडलं की माझा त्रास वाचला, तो त्याच्या अंगावर गेला. लव्हबर्डचा पिंजरा (दुकानात लव्हबर्ड म्हणून देतात ते बहुतेक बजरीगरच असतात, ऑस्ट्रेलियातले, पण असो) दाणापाणी भरून ठेवला की रविवार मोकळा. मोकळा मला, पिंजऱ्यातल्याला कसला रविवार? ज्याला आपली वाट बघत बसावं लागतं असा प्राणी शिफ्टवाल्यानं घेऊच नये, हे माझं मत.

मी जानेवारीपासून बिनडंखाच्या मधमाश्या ठेवल्यात. शिरसीकडं कन्नडात मिसरी जेनू म्हणतात, जेनू म्हणजे मधमाशी. माशी जेमतेम 4 मिलीमीटरची, लांबून चिलटच वाटते. कंपनीतल्या एकाचं खानापूरकडचं जुनं घर पाडायला काढलेलं, त्याच्या भिंतीच्या फटीत होत्या. माश्या पाळणाऱ्या जाणत्या माणसाला बोलावून पेटीत भरून घेतल्या. पेटी चपलांच्या खोक्याएवढी, गॅलरीत सावलीला. पुढं त्यांनीच मेण आणि राळ मिसळून केलेली नळी, तेच दार, आणि दारात पहाऱ्याला पाच-सहा जणी. ऊन आलं की निघतात, सांजेला आत. खाणं त्यांचं त्या आणतात, फार लांब जात नाहीत, काही शे मीटरच्या आत. समोरचा शेवगा, खालच्या अज्जींची तुळस. माझं काम एवढंच, की स्टँडच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, मुंग्या चढू नयेत म्हणून, आणि पालीवर नजर ठेवायची.

अज्जी म्हणजे घरमालकीण. मांजराला त्यांनी पहिल्याच दिवशी 'बेडा', म्हणजे नको, म्हणून सांगितलेलं. पेटी बघून म्हणाल्या, 'जेनु बंद्रे ओळ्ळेदु.' जेनू आला तर चांगलंच.

पांगुळ_गल्ली
काय सांगूलालास गा? याला पाळणं म्हणतात? मग माझ्या बाथरूममधली पाल पण पाळलेलीच की. खाणं तिचं ती बघते, वर मी काय बोललो की चुकचुकून होय म्हणते.

मास्तर_शहापूर
पांगुळ गल्लींनी चेष्टेत म्हटलं ते मी चेष्टा न करता म्हणतो. गोठ्यातली म्हैस धार काढणाऱ्याचा हात ओळखते. दुसरा कुणी बसला तर पान्हा चोरते. पाळणं म्हणजे ही दोन्हीकडची ओळख. तुमच्या पेटीसमोर उद्या मी खुर्ची टाकून बसलो तर माश्यांना काय फरक पडणार? तुम्ही प्राणी पाळलेला नाही, गॅलरीत एक देखणी गोष्ट ठेवली आहे. ठेवा, चांगलंच आहे. पण एकटेपणावरचा उपाय म्हणून लोकांना सांगू नका.

आणि वाट बघण्याला तुम्ही सरसकट त्रास म्हणता, ते मला खटकलं. आमची मंडळी जाऊन सहा वर्षं झाली. नंतर गल्लीतली एक मांजरी आपणहून घरात आली. संध्याकाळी फिरून येतो तेव्हा ती कट्ट्यावर असते. माझी वाट बघते की उन्हाची ऊब घेते, देव जाणे. पण ती येण्याआधी मी अंधार पडेपर्यंत बाहेरच घुटमळायचो. आता घुटमळत नाही.

सेकंड_शिफ्ट
सर, मांजरीचं वाचून बरं वाटलं. पण तुम्ही संध्याकाळी येता, मी रात्री बाराला. आणि तुमच्या मांजरीला कट्टा आहे, गल्ली आहे, शेजारी चार घरं आहेत. माझ्याकडं दहा बाय बाराची खोली आणि कुलूप. तुमची मांजरी आपणहून आली हे तुम्हीच लिहिलंय. माश्या पण उद्या वाटलं तर निघून जातील. मला तेच आवडतं, की दार उघडं असून त्या परत येतात.

निपाणी_नाका
मुधोळ घ्या. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं कुत्रं, 2005 साली टपाल तिकिटावर आलेलं. अंगावर केस आखूड, झडणं कमी, कटकट नाही.

पांगुळ_गल्ली
दहा बाय बारात मुधोळ? ते शिकारीचं कुत्रं, त्याला पळायला माळ लागतो. शेपूट हलवलं तर टीव्ही खाली.

किल्ला_तलाव
सेकंड शिफ्टचं पहिलं निम्मं मला शंभर टक्के पटतं, कारण मी उलटं करून बसलोय. 2015 साली लाल कानाचं कासव घेतलं, अमेरिकेतल्या जातीचं, दोन रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं. दुकानदार म्हणाला, काचेच्या वाडग्यात ठेवा, चार दाणे टाका, वास्तूला पण चांगलं. आज ते जेवणाच्या ताटलीएवढं आहे. प्लास्टिकच्या मोठ्या टबात आहे, फिल्टर आहे, ऊन खायला दगड आहे, आणि तरी दोन दिवस पाणी बदललं नाही तर वास जिन्यात येतो. नळाला पाणी येतं चार-सहा दिवसांनी. माणसानं प्यायचं की कासवानं पोहायचं? हात लावला की दर वेळी साबणानं धुवायचे, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. 20-30 वर्षं जगतं. मी 44 चा आहे. हिशेब तुम्हीच करा.

एकदा डोळे सुजले म्हणून डॉक्टरांकडं नेलं. ते बिचारे आयुष्यभर म्हशी-बैल बघितलेले. म्हणाले, 'याचं तोंड कुठाय आधी दाखवा.' ते आत ओढून बसलेलं.

किल्ला तलावात सोडून यावं असं मनात आलं नाही असं नाही. माझं नाव त्यावरूनच पडलंय, मित्रांनी पाडलंय. सोडलं नाही, कारण परक्या मुलखातलं हे कासव एकदा तळ्यात रुजलं की आपल्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं.

अजून एक. कुणी 'चांदणी कासव घ्या, ते कोरड्यात राहतं, पाण्याची भानगड नाही' असं सुचवलं तर चार हात लांब राहा. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं ते कासव आपल्याकडचं, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतलं. घरात सापडलं तर तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी 25,000 रुपये दंड. आपला हिरवा पोपट पण पिंजऱ्यात ठेवणं गुन्हाच आहे, आजीच्या घरी होता म्हणून चालत नाही.

सुशी_वडगाव
पोपटाचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत तीन आहेत.

फायटरवाला
सगळे टोकाचं बोलूलाल्यात. मधलं उत्तर आहे, फायटर मासा. थायलंडकडचा, शास्त्रीय नाव बेट्टा. एकटाच ठेवायचा, दोन नर एकत्र आले की मारामारी, म्हणजे 'जोडीदार नाही, बिचारा' हा प्रश्नच येत नाही. मास्तर, तुमच्या ओळखीच्या मुद्द्याला पण उत्तर आहे. खाणं घालणारा काचेजवळ आला की हा पुढं येतो, पंख फुलवतो. मला ओळखतो की डबीला, ते विचारू नका.

आता आपल्या गावाचं बघा. जुलैत पाऊस लागला की लाईट जाते, कधी तासभर, कधी रात्रभर. टाकीतल्या बाकीच्या माशांचं हवेचं यंत्र बंद पडलं की जीव टांगणीला. फायटर वर येऊन तोंडानं हवा घेतो, तसा खास अवयव आहे त्याला. चार दिवस गावाला गेलात तर उपाशी राहू शकतो. एवढा सोशिक दुसरा दाखवा.

पण इथंच लोक माती खातात. हवा घेतो म्हणून त्याला पेल्यात ठेवतात. किमान 20 लिटरची टाकी हवी. आणि आज टाकी, आजच मासा असं करू नका. माशाच्या घाणीतून विषारी अमोनिया होतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जंतू फिल्टरमध्ये जमायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर धीर धरायचा. हा धीर नसतो म्हणून 'आमच्याकडं मासे टिकत नाहीत, घराला लागू नाहीत' असं म्हणायची पद्धत पडलीय. डिसेंबरात पाण्याला हीटर लावायचा, आपण साडेसातशे मीटर उंचीवर राहतो, त्याला 25-26 अंश लागतात.

पांगुळ_गल्ली
20 लिटर, फिल्टर, हीटर, दीड महिना थांबा. याला कमी त्रास म्हणूलालाय. जास्त त्रासाचं काय असतंय मग?

फायटरवाला
आधीचा त्रास आणि रोजचा त्रास यात फरक आहे गा. टाकी एकदा बसली की आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, बाकी रोजची दोन मिनिटं.

आत्या_टिळकवाडी
बाळ सेकंड शिफ्ट, 36 म्हणजे काही उशीर नाही झालेला. माश्या, मासे राहू देत. आमच्या पाहुण्यात एक मुलगी आहे, बँकेत.

सेकंड_शिफ्ट
आत्या, पेटी बघून ती पळून जाईल.

खानापूरची_अक्का
मी शेवटपर्यंत गप्प बसणार होते, पण आता बोलते. आमच्या घराच्या भिंतीत या माश्या माझ्या सासूबाईंच्या आधीपासून आहेत. दाराच्या चौकटीशेजारी नळी. कुणी त्यांना पाळलं म्हणत नाही, फक्त भिंत सारवताना तेवढी नळी सोडून सारवतात. सेकंड शिफ्ट, तुम्ही पाडायच्या घरातल्या वाचवल्यात, तुमच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार या धाग्याबद्दल आहे. हे वाचून उद्या दहा जण म्हणतील मला पण पेटी पाहिजे. मग जांबोटी, कणकुंबीकडं कुणी तरी झाडाची ढोली फोडणार, राणी मरणार, आणि पिशवीत भरलेल्या माश्या शहरात विकणार. तिकडचं भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, तिथून काढणं तर सरळ गुन्हा. जिथून आल्या ते विचारल्याशिवाय पेटी घेऊ नका, हे तुम्ही वरच लिहायला हवं होतं.

आणि 'माझं काम एवढंच' हे खरं नाही. पहिला पावसाळा अजून बघितला नाहीत तुम्ही. जून ते सप्टेंबर फुलं कमी, त्या बाहेर पडू शकत नाहीत, आतल्या साठ्यावर काढतात. मध वर्षाला मिळून काही शे ग्रॅम. तो मे महिन्यात लोभानं काढलात तर ऑगस्टात पेटी रिकामी. आणि डासांचा धूर मारायला गाडी येते तेव्हा काय करणार? संध्याकाळी, माश्या परतायच्या वेळेलाच येते. तुम्ही सेकंड शिफ्टला मशीनवर उभे.

सेकंड_शिफ्ट
अक्का, पेटी कुठून घ्यायची ते वर लिहायला पाहिजे होतं, चूक झाली. मध काढलेला नाही, या वर्षी काढणारही नाही. आत मडक्यांसारख्या बारक्या बारक्या कुप्या असतात, काचेच्या झाकणातून दिसतात, तेवढं बघणं पुरे. धुराचं डोक्यात आलं नव्हतं. खालच्या अज्जींना सांगून ठेवतो, गाडीचा आवाज आला की नळीसमोर ओलं फडकं टाका म्हणून.

मास्तर_शहापूर
म्हणजे आता अज्जी पण कामाला लागल्या. कमी त्रासाचा प्राणी!

नाईट_ड्यूटी
कुणीच हॅमस्टर म्हटलं नाही. माझ्याकडं होता. दिवसा झोपतो, रात्री दहा-अकराला उठतो, सेकंड शिफ्टवाल्याच्या वेळेला बरोब्बर. एकटाच ठेवतात. पण दोन-अडीच वर्षं जगतो. माझा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गेला. परत घेतला नाही. त्रास कमी-जास्तच्या यादीत हा कुठं बसतो, सांगा कुणी तरी.

किल्ला_तलाव
माझं कासव 30 वर्षं जगणार म्हणून मी रडतो, तुमचं दोन वर्षांत गेलं म्हणून तुम्ही. आपण दोघांनी अदलाबदल करायला हवी होती.

मास्तर_शहापूर
सेकंड शिफ्ट, एकच विचारतो, मग थांबतो. शनिवारी गावाला जाता, तेव्हा त्या माश्यांची आठवण येते का? खरं सांगा.

सेकंड_शिफ्ट
माश्यांची नाही येत, सर. वाट्यांतलं पाणी आटलं असेल का, याची येते. गेल्या रविवारी ऊन फार होतं. दुपारच्याच गाडीनं परत आलो.