उजेडाविरुद्ध झाडांचे फोटो : डोळ्यांना झळाळी, फोटोत नुसतं गचपण

वेण्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

महाबळेश्वरच्या जंगलात सकाळच्या उजेडाविरुद्ध झाडांचे फोटो काढायचे आहेत. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा अशी बुटकी, वाकडीतिकडी झाडं, खोडांवर शेवाळ आणि दगडफूल, खाली कारवीचं रान. प्रत्यक्षात पानं आतून पेटल्यासारखी दिसतात. फोटोत मात्र हमखास तीन गोष्टी होतात. पानांच्या फटींतलं आभाळ पांढरंफटक पडतं आणि ते सावरलं की खोडं काळीठिक्कर. सूर्य फ्रेमच्या जवळपास आला की सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे चित्रात बघायचं कुठे, तेच समजत नाही. दहा खोडं, शंभर फांद्या, सगळं एकमेकांवर चढलेलं.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), लेन्स १८-५५ आणि ५५-२५० मिमी, ट्रायपॉड आहे, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल). तंत्राचं सांगाच, पण एवढ्या पसाऱ्यातून चित्र कसं निवडायचं हेही जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

पारंबी

तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या अडचणीचं मूळ बरंचसं एकच आहे. आपण झाड आधी पसंत करतो आणि त्याच्या मागे काय आहे ते नंतर बघतो. उजेडाविरुद्ध काढताना क्रम उलटा ठेवा : आधी सावलीतली काळोखी पार्श्वभूमी शोधा, मग तिच्यापुढे उजेड झेलणारं झाड.

मागून ऊन आलेलं पान कितीही झळाळलं तरी त्याच्यामागे आभाळ असेल तर ते हरतं, कारण आभाळ त्याहून उजळ असतं. तेच पान सावलीतल्या डोंगरउतारापुढे आलं की एकदम उठून दिसतं. सह्याद्रीत अशी पार्श्वभूमी शोधणं फार अवघड नाही. सकाळी पूर्वेकडे तोंड केलं की दरीपलीकडच्या डोंगराची जी बाजू आपल्याला दिसते ती पश्चिमेकडची, म्हणजे अजून सावलीत असते. त्याच वेळी अलीकडच्या सोंडेवरच्या झाडांवर ऊन पोचलेलं असतं. संध्याकाळी पश्चिमेकडे बघताना हेच उलट्या बाजूने लागू होतं. त्यामुळे जंगलाच्या पोटात शिरण्यापेक्षा वळणाच्या रस्त्याचा दरीकडचा कठडा, जंगलातल्या मोकळ्या जागेची कड, अशा जागा आधी धुंडाळा. आभाळ फ्रेममध्ये आलंच नाही तर पांढऱ्या भोकांचा प्रश्नही उरत नाही.

आता निवडीचं. १८-५५ काही दिवस पिशवीतच राहू द्या. १८ मिमीला क्रॉप सेन्सरवर साधारण ६५ अंशांचं दृश्य आत येतं, १५० मिमीला जेमतेम ९ अंशांचं. गचपणातून काही वगळायचं असेल तर हा फरक निर्णायक आहे. १०० ते २०० मिमीच्या दरम्यान ठेवून समोरचं रान डावीकडून उजवीकडे हळूहळू चाळा आणि फक्त एकाच प्रकारचा आकार शोधा. कड्यालगतची झाडं वाऱ्यामुळे बऱ्याचदा एकाच दिशेला कललेली असतात. तो कल चित्राचा कणा होऊ शकतो. किंवा तीन-चार खोडांमधली अंतरं. किंवा पिसाच्या पानांचे झुबके. एका चित्रात एकच गोष्ट घ्या. कल आणि झुबके दोन्ही घ्यायला गेलात की पुन्हा पसारा.

मग पाय हलवा. झूम फिरवून खोडं एकमेकांपासून सुटत नाहीत, आपण जागा बदलल्यावरच सुटतात. अर्धा मीटर डावीकडे सरकलं की जवळचं खोड लांबच्या खोडाच्या तुलनेत उजवीकडे सरकतं आणि दोघांमध्ये फट पडते. महत्त्वाच्या प्रत्येक खोडाच्या दोन्ही बाजूंना थोडी तरी काळोखी जागा दिसली पाहिजे, नाहीतर दोन झाडांचं एक बेढब झाड होतं. उंचीचंही तसंच. कॅमेरा खाली नेला की झाडाच्या मागे आभाळ येतं; डोक्याच्या उंचीवर किंवा बांधावर चढून लावला की मागे उतार येतो आणि बुंधा कारवीतून मोकळा होतो. म्हणून आधी हातात कॅमेरा घेऊन जागा पक्की करा, ट्रायपॉड त्यानंतर उघडा. ट्रायपॉड आधी रोवला की माणूस तिथेच अडकतो.

शटर दाबण्याआधी नजर फ्रेमच्या चारही कडांवरून एकदा फिरवा. कडेला चिकटलेला उजेडाचा ठिपका मधल्या झाडापेक्षा आधी डोळा ओढतो. तो दिसला की थोडं झूम करा किंवा सरका. आणखी एक उपाय : कॅमेऱ्याची पिक्चर स्टाइल मोनोक्रोम ठेवा. स्क्रीनवर चित्र काळंपांढरं दिसतं, रॉ फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. हिरव्याची भुरळ बाजूला झाली की रचना आहे की नाही ते लगेच कळतं.

---

एफ अकरा

पारंबी यांनी निवडीचं छान सांगितलंय, मी यंत्राचं सांगतो.

एक्स्पोजर : मोड मॅन्युअल. स्पॉट मीटर (फक्त एका ठिपक्यावरचा उजेड मोजणारा) झळाळत्या पानावर धरा आणि मीटर जे सांगेल त्याहून १ ते १⅓ स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मीटर त्या पानाला मध्यम राखाडी समजतो, म्हणून तेवढ्यावर सोडलं तर पान मलूल येतं. खोडं काळी पडली तर पडू द्या. उजेडाविरुद्धच्या चित्रात काळं खोड हा दोष नाही, उलट त्याच्यामुळेच पानं पेटतात. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. सकाळच्या पिवळसर उजेडात पोपटी पानाचा लाल आणि हिरवा चॅनल आधी उतू जातो, आणि एकत्रित हिस्टोग्राममध्ये ते कधीकधी कळतही नाही. मग पान सपाट पिवळं होतं आणि त्यातल्या शिरा जातात. शिरा दिसणं हीच खरी कसोटी, स्क्रीनवर मोठं करून तपासा.

व्हाइट बॅलन्स (फोटोच्या रंगछटेची सेटिंग) ऑटोवर नको, तो सोनेरीपणा धुऊन काढतो. ५२०० ते ५५०० केल्विनवर पक्का करा. लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र एफ ८ ते ११. वारा असेल तर शटर १/२०० च्या खाली नेऊ नका, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४०० किंवा ८०० झाला तरी चालेल. थोडा कणीदार फोटो परवडतो, हललेली पानं नाही.

दुधाळ पडदा : सूर्य फ्रेमबाहेर असला तरी त्याचा उजेड पुढच्या काचेवर पडून आत विखुरतो. संरक्षणासाठी लावलेला फिल्टर आधी काढा, तो आणखी दोन पृष्ठभाग वाढवतो. हूड (लेन्सपुढची सावली देणारी कड) लावा. काचेवरची धूळ आणि बोटाचे ठसे साफ करा, सूर्यासमोर तेच सर्वांत जास्त चमकतात. तरी भागलं नाही तर ट्रायपॉडच्या पुढे, फ्रेमच्या बाहेर, हात किंवा टोपी अशी धरा की तिची सावली पुढच्या काचेवर पडेल. लेन्सच्या बाजूने डोकावून बघा, काच पूर्ण सावलीत आली की कॉन्ट्रास्ट झटकन परत येतो.

सूर्य चित्रात हवाच असेल तर तो खोडाआड अर्धवट लपवा आणि एफ १६ वर जा. छिद्राची पाती सम असतील तर तेवढेच किरण उमटतात, विषम असतील तर दुप्पट, म्हणजे ७ पात्यांचे १४. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य उगवताना जवळजवळ सरळ वर चढतो, किंचितच उजवीकडे सरकतो. म्हणून उभ्या खोडाआडचा सूर्य बराच वेळ टिकतो, पण आडव्या फांदीआडून तो दोन-तीन मिनिटांत बाहेर येतो. आडव्या फांदीची चौकट आधी लावून ठेवावी लागते. किरण कमीजास्त करायला कॅमेरा काही सेंटिमीटर इकडेतिकडे केला तरी पुरतो. व्ह्यूफाइंडर ऑप्टिकल, म्हणजे लेन्समधून थेट दिसणारा, असेल तर टेलिफोटोतून थेट सूर्याकडे अजिबात बघू नका, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं दृश्य) वापरा.

फोकस : उजेड समोरून आला की ऑटोफोकस भरकटतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठं करून खोडाच्या उजळ कडेवर हाताने फोकस करा.

---

वेण्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. काळ्या खोडांकडे दोष म्हणून बघायचं नाही, हे पटलं. एक शंका : कमीजास्त उजेडाचे तीन फोटो घेऊन एचडीआरमध्ये (ते एकत्र करणाऱ्या पद्धतीने) जोडले तर पानांच्या कडेने राखाडी किनार येते. ती का येते, आणि जोडावं की नाही?

---

धुकटवाट

किनारीची दोन कारणं. पहिलं, तीन फोटोंच्या दरम्यान पान हलतं. खोड जागेवर राहतं, पण पानाच्या तीन जागा एकमेकांवर बसत नाहीत. दुसरं, सॉफ्टवेअर उजळ आभाळ दाबून शेजारचं काळं उचलतं, आणि जिथे दोन्ही भिडतात तिथे त्याला सीमा नेमकी सापडत नाही. बारीक पानांच्या झाडात अशा हजारो सीमा असतात. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे : पानांसाठी एकच रॉ. फारच गरज पडली तर २ स्टॉप उजळ असा दुसरा फोटो घ्या आणि त्यातला फक्त बुंध्याचा भाग मास्क करून (बाकीचं झाकून) हलकेच आणा.

प्रोसेसिंगमध्ये शॅडोज फार उचलू नका. काळोखात झाकलेलं गचपण परत वर येतं आणि जागेवर केलेली सगळी निवड वाया जाते. आभाळाला टेकलेल्या फांद्यांना जांभळी कड येते, तिच्यासाठी डीफ्रिंज (अशी कड काढणारी सोय) वापरा.

काळोखी पार्श्वभूमी आधी, या पारंबींच्या नियमाशी एका बाबतीत मात्र मी सहमत नाही. धुकं असेल तर उजळ पार्श्वभूमीच हवी. धुकं अंतरानुसार झाडं फिकी करत जातं : ५ मीटरवरचं खोड गडद, १५ मीटरवरचं राखाडी, ४० मीटरवरचं जेमतेम दिसणारं. ज्या जागी उन्हात गुंता होता तिथे आपोआप तीन-चार थर पडतात. अशा वेळी मॅट्रिक्स मीटरिंगवर (सगळ्या फ्रेमचा उजेड मोजणारी पद्धत) +१ स्टॉप द्या, नाहीतर धुकं मळकट येतं, आणि धुकं कमी करणाऱ्या डिहेझच्या स्लायडरला हात लावू नका. धुकं विरळ होऊन ऊन शिरायला लागलं की उजेडाचे पट्टे दिसतात. पाण्याचे थेंब उजेड बहुतांश पुढच्या दिशेला विखुरतात, म्हणून हे पट्टे सूर्याकडे बघतानाच जोरकस दिसतात. पाठ फिरवली की जवळपास नाहीसे. हा खेळ फार वेळ चालत नाही, त्यामुळे रचना धुक्यातच लावून तयार राहा.

---

पारंबी

धुक्याबद्दल मान्य. मी लिहिलं ते स्वच्छ उन्हाच्या दिवसांसाठी.

वेळेबद्दल थोडं राहिलं होतं. डिसेंबरच्या अखेरीस महाबळेश्वरला सूर्य पूर्वेच्या साधारण २५ अंश दक्षिणेला उगवतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. म्हणजे मे महिन्यात हेरून ठेवलेलं झाड हिवाळ्यात त्याच जागेवरून उजेडाविरुद्ध मिळेलच असं नाही. उगवल्यावर तासाभरात सूर्य १२-१३ अंश वर येतो. तोवरचा उजेड फांद्यांच्या खालून आडवा शिरतो, नंतर तो वरून पडायला लागतो आणि खाली ठिपकेच ठिपके होतात. तेव्हा फोटो काढणं थांबवावं.

पानांची निवडही करा. जांभळाचं जुनं पान जाड आणि चकचकीत. त्यातून उजेड कमी येतो आणि पाठीवर पांढरी चमक जास्त. तिथे पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) फिरवून बघा, दीड-दोन स्टॉप जातील पण चमक उतरेल. कोवळी पानं पातळ, ती खरी पेटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये घाट उतरून खालच्या पानगळीच्या रानात कोशिंबाला लाल पालवी फुटते. आसपासची बरीच झाडं तेव्हा निष्पर्ण असतात, त्यामुळे गुंता मुळातच कमी. सरावाला याहून चांगलं झाड मला माहीत नाही.

---

रानजाई

मोबाइलवाल्यांसाठी थोडं. मुख्य लेन्सऐवजी २ किंवा ३ पटीची वापरा. झळाळत्या पानावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक झालं की शेजारचा सूर्याचा आयकन खाली ओढा, पानातल्या शिरा दिसेपर्यंत. ऑटो एचडीआर बंद करता येत असेल तर करा, नाहीतर खोडं राखाडी होतात. आणि लेन्स आधी सुती कापडाने पुसा, खिशातल्या फोनवर कायम तेलकट थर असतो. एफ अकरा यांनी सांगितलेला दुधाळ पडदा मोबाइलवर बहुतेक वेळा त्यामुळेच येतो.