फोरमन आणि नेपियर: भोंदू की वैद्य?

शाईदौत
लंडनचा सायमन फोरमन आणि बकिंगहॅमशायरमधल्या ग्रेट लिनफर्डचा पाद्री रिचर्ड नेपियर, दोघेही कुंडली मांडून औषध देत. १५९६ ते १६३४ या काळातल्या त्यांच्या आणि मदतनिसांच्या सुमारे ८०,००० नोंदी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. रोग्याचं नाव, वय, गाव, मग प्रश्न विचारला तो दिवस नि वेळ, आणि खाली त्याच घटकेची चौकोनी कुंडली. जन्मवेळ ठाऊक नसली तरी अडत नसे. थोडक्यात, आपली प्रश्नकुंडलीच! सहावं स्थान रोगाचं, आठवं मृत्यूचं. रोग्याच्या संमतीने विचारलंय की परस्पर, याचीही नोंद असे. इतकं मन लावून लिहिणाऱ्याला मी भोंदू म्हणणार नाही.

उंबरठा
लिहून ठेवणं वेगळं, पडताळून पाहणं वेगळं. पुढे रोग्याचं काय झालं, हे फार थोड्या नोंदींत सापडतं. आधीच गळून गेलेल्या माणसाला जुलाब द्यायचे, रक्त काढायचं, आणि त्याला आधार काय, तर ग्रह. माझ्या मावशीच्या छातीत गाठ होती. साडेसाती उतरेपर्यंत ऑपरेशन नको, असं एका ज्योतिषाने सांगितलं. आठ महिने थांबलो आम्ही. मावशी गेली. त्यामुळे असल्या वह्यांचं कौतुक मला ऐकवत नाही.

शाईदौत
मावशींचं वाचून वाईट वाटलं. आज कोणी असं सांगत असेल तर तो गुन्हाच, त्यात मी तुमच्याच बाजूने आहे. पण तेव्हा आजच्यासारख्या ऑपरेशनचा पर्याय होता कुठे? फोरमनला दंड करणाऱ्या, तुरुंगात टाकणाऱ्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे, म्हणजे लंडनमधल्या वैद्यांच्या अधिकृत संस्थेचे, वैद्यही रक्तच काढत आणि जुलाबच देत. १५९२ च्या प्लेगात फोरमन लंडन सोडून गेला नाही. त्याला स्वतःला प्लेग झाला, तरी तो तिथेच राहिला. १६०३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्याला वैद्यकीचा परवानाही दिला.

तळटीप
फोरमनबद्दल मी इतकं चांगलं बोलणार नाही. बायकांशी त्याचं वागणं कसं होतं ते त्याच्याच डायरीत आहे. नेपियर निराळा. 'मनाला चैन नाही' म्हणत येणारे सुमारे दोन हजार लोक इतिहासकारांनी त्याच्या वह्यांतून शोधलेत. मूल दगावल्यावर झुरणाऱ्या आया, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायका, कर्जाने झोप उडालेले पुरुष. शेतमजुरापासून उमरावापर्यंत सगळे. नेपियर त्यांना औषधाबरोबर प्रार्थना द्यायचा, कधी ताईतही. ताईत सोडा, पण त्या बाईचं दुःख तिच्या नावानिशी दुसऱ्या कुठल्या कागदावर उतरलं असतं?

उंबरठा
कुठेच नाही, मान्य. वह्या जपायलाच हव्यात, लोकांनी वाचायलाही हव्यात. शीर्षकातला 'वैद्य' हा शब्द मात्र मला अजूनही खुपतोय.