मदत हवी आहे : लेकीला ओसीडीसाठी सर्ट्रालिन सुरू केलंय

लेक चौदा वर्षांची. तिला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार मनात येत राहतात आणि एकच गोष्ट पुन्हापुन्हा केल्याशिवाय राहवत नाही. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघालीत, तरी नळ बंद करवत नाही. डॉक्टरांनी थेरपीसोबत सर्ट्रालिन दिलंय. सासूबाई म्हणतात, डिप्रेशनची गोळी पोरीला कशाला? अमेरिकेत एफडीएने (औषधांना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) सर्ट्रालिनला ६ वर्षांपासून पुढे ओसीडीसाठी मान्यता दिलीय; मुलांच्या डिप्रेशनसाठी मात्र नाही, त्यासाठी दुसरी औषधं, फ्लुओक्सेटिन ८ वर्षांपासून, एस्सिटालोप्राम १२ पासून. पण २४ वर्षांपर्यंतच्यांसाठी आत्महत्येच्या विचारांबद्दल ठळक इशाराही आहे. त्याचीच धास्ती वाटते. डॉक्टरांनी सुरुवातीला आणि डोस बदलताना नीट लक्ष ठेवायला सांगितलंय. गोळी परस्पर बंद करणार नाहीच.

कुणाच्या मुलांनी घेतलीय का? पहिल्या आठवड्यांत झोप, चिडचिड कशी होती? फरक कधी जाणवला? आणि शाळेत सांगितलंत का?