काटा अडून बसला होता तेव्हा… तुमचे अनुभव लिहा

आज कपाट आवरताना जुनी वही सापडली. 68.4, 68.4, 68.6, 68.4. सलग 19 दिवस हेच. शेवटचा आकडा इतका दाबून लिहिलाय की मागच्या पानावर उमटलाय. रोज 1400 कॅलरी मोजून खात होते. पहिले 7 किलो भराभर उतरले आणि मग काटा ढिम्म. कोणाला सांगावं तर "नीट मोजत नसशील" हे ठरलेलं उत्तर. फार लागायचं ते. तुमचा काटा कुठे अडला, कशाने हलला?

---

माझं तेल होतं. बाकी सगळं वजन करून, तेल मात्र "एक चमचा". एक दिवस भांडं काट्यावर ठेवून शून्य केलं आणि नेहमीच्या हाताने ओतलं. 14 ग्रॅम! लिहीत होते 5. ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे एका वेळेला 80 जास्तीच्या, आणि स्वयंपाक दोन वेळा. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

---

तेलाला +१. पण दरवेळी मोजण्यातच चूक असते असं नाही हो. पाळीच्या आधी माझं दीड किलो पाणी चढतं. व्यायाम नवीन सुरू केला तेव्हाही तेच, स्नायू दुखरे झाले की पाणी धरून ठेवतात. आता 7 दिवसांची सरासरी काढते आणि मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून बघते. उतरतच होतं, दिसत नव्हतं.

---

92 वरून 79. मग दोन महिने काही नाही. अ‍ॅपमध्ये वजन अजून 92 च भरलेलं होतं! शरीर हलकं झालं की त्याला लागतंही कमी, हे डोक्यातच आलं नाही. शिवाय मुलगी म्हणाली, बाबा तुम्ही हल्ली जेवलात की उठतच नाही. पावलं बघितली तर 9000 ची 5000 झालेली. कमी खाल्लं की आपण नकळत हालचाल आवरती घेतो. आहार तोच ठेवला, फक्त चालणं परत वाढवलं.

---

धागाकर्ती, ते "नीट मोजत नसशील" वाचून वाईट वाटलं. 1992 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. कमी खाऊनही वजन उतरत नाही म्हणणारी 10 माणसं. त्यांचा चयापचय व्यवस्थित होता, पण खाणं सरासरी 47 टक्के कमी नोंदलं जात होतं. मला त्यात महत्त्वाचं हे वाटतं की ती माणसं फसवत नव्हती, त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. अंदाज सगळ्यांचाच चुकतो, त्यात लाज कसली.

---

थायरॉइड तपासलंत का कोणी? माझं तेच निघालं, गोळी सुरू झाल्यावर हळूहळू फरक पडला. आणि काटा सतरंजीवर ठेवू नका, कडक लादीवरच ठेवा. माझा किलोभर चुकायचा.

---

^ सतरंजीवर जास्त दाखवतो की कमी??

---

माझा कमी दाखवायचा. सेलही बदलून बघा.

---

धागाकर्ती: 47 टक्केवाल्या, धन्यवाद. खरंच हलकं वाटलं. माझं सांगायचं राहिलं. थकून दोन आठवडे 1800 वर गेले, झोप सुधारली, आणि परत 1400 वर आल्यावर पाचव्या दिवशी 67.5. कंबर मात्र त्या 19 दिवसांतच 3 सेंटीमीटर उतरली होती. टेपचे आकडे वहीत वेगळ्या पानावर होते, ते आज बघितलं.

---

कुकरवाली परत आले. मी सेल बदलले, 400 ग्रॅमचा फरक!